लीलाच्या वजनाइतकी माती

वीस फेब्रुवारी, संध्याकाळचे सहा चाळीस. ठिकाण, लातूरमधलं आमचं घर. ठरलेलं माप, एकावन्न किलो सहाशे ग्रॅम माती. हजर पाच जण: मी, माझी पत्नी महानंदा, आमची एकुलती एक मुलगी शिवलीला, तिचा होणारा नवरा राफाएल आणि त्याची आजी इनेस. काटा शेजारच्या किराणा दुकानातून आणला होता. लीला त्यावर उभी राहण्याआधी मी पाच किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. तेवढे वजा केले.

हे वजन कशासाठी, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास समजेल.

राफाएल मेक्सिकोचा, ओआहाका नावाच्या डोंगराळ मुलखातला. पुण्यात एका वर्गात तो स्पॅनिश शिकवतो, फक्त संध्याकाळच्या तुकडीला. लीला पुण्यात नोकरी करते आणि त्या तुकडीला जायची. दोन वर्षांनी तिनं फोन करून सांगितलं, की लग्न करीन तर यांच्याशीच. त्याच फोनवर, त्याच दमात, हेही सांगितलं की त्यांचं घराणं रक्त पिणारं आहे.

"म्हणजे मटन खाणारे व्हय?" महानंदानं विचारलं. आम्ही लिंगायत, शुद्ध शाकाहारी. तिच्या दृष्टीनं तेवढंच पुष्कळ होतं.

"न्हाई आई. पिणारं."

बाहेरच्या जगात अशा लोकांना व्हँपायर म्हणतात. आपल्याकडे वेताळ आहे, हडळ आहे, मुंजा आहे. पण त्यांच्यापैकी कुणाला आजी नसते आणि कुणी रीतसर मागणी घालायला येत नाही. हे लोक आले. आजी तर खास त्यासाठी मेक्सिकोहून आली. मी राफाएलला समोर बसवून तीन प्रश्न विचारले. माणसाचं रक्त पिता का? त्यांच्या घरात ते एकशे ऐंशी वर्षांपासून बंद आहे; बोकडाचं चालतं, तिसऱ्या दिवशी, माणशी पाव लिटर. वय किती? कागदावर एकतीस, खरं एकशे सात. म्हणजे जावई माझ्यापेक्षा चोपन्न वर्षांनी मोठा. तिसरा प्रश्न, माझ्या लेकीचं काय होणार?

लीला माणूसच राहील, असं तो म्हणाला. पुढे कधी त्यांच्यासारखं व्हायचं की नाही, हे तिनं एकटीनं ठरवायचं. बहुतेक जणी म्हातारपणी नाहीतर मोठ्या दुखण्यात ठरवतात. ज्याला व्हायचं असेल तो मरतो आणि तीन रात्री आपल्या मातीवर पडून राहतो. आपली माती म्हणजे जिथं आपली नाळ पुरली ती, आणि ती आपल्या वजनाइतकी. माती खरी असेल तर माणूस उठतो. नसेल तर उठत नाही. आणि माती खरी की खोटी हे पाहायची दुसरी कुठलीही परीक्षा नाही. म्हणून लग्नाआधी मुलीचे आईबाप स्वतः माती काढून देतात आणि तोंडानं सांगतात, की ही आमच्या मुलीची. त्या शब्दावर सगळं चालतं.

माझी चोवीस वर्षं माती परीक्षणात गेली. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सामू किती, सगळं सांगता येतं. माती कुणाची, हे सांगणारं यंत्र आमच्याकडेही नाही. त्यामुळे ही अट मला पटली.

लीलाचा जन्म मुरुडचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, आणि महानंदाचं माहेर मुरुड. तेव्हा ठरलं असं: आधी मुरुडला जाऊन माती काढायची, मग अहमदपूरला माझ्या थोरल्या बहिणीला पाहुणे दाखवायचे, आणि तिथून नांदेडला त्यांना पुण्याच्या गाडीत बसवायचं. तीन दिवस, एक गाडी, पाच माणसं. ऊन त्यांना मारत नाही, पण अंगावर फोड उठतात. म्हणून चार वाजल्यानंतरच निघायचं, आणि मागच्या काचांना चादरी. आजीला याचा संकोच वाटत होता. मी म्हटलं, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसंसुद्धा हेच करतात.

मुरुड

पहिला गोंधळ लातूरच्या बाहेर पडायच्या आत झाला. मागचं वाहन पाहायला मी आरशात नजर टाकली, तर मागच्या सीटवर लीला एकटी. तिच्या दोन्ही बाजूंना सीटबेल्ट हवेत ताणून बसलेले. मी गाडी थेट बाजूला घेतली.

"अप्पा, ते आरशात दिसत न्हाईत. सांगायचं राहिलं," लीला म्हणाली.

"आणखी काय काय राहिलंय, ते एकदाच सांग."

"लसूण," ती म्हणाली. "जास्त न्हाई. सुजतं थोडं."

मुरुडला महानंदाचा भाऊ शिवराज राहतो. बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे. घरापर्यंत गाडी जात नाही, म्हणून चौकात लावली आणि चालत निघालो. आता, या लोकांना बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडता येत नाही. पायच उचलत नाही. आजीला त्याची सवय होती, ती वाट पाहायला तयार होती. पण चौकापासून शिवराजच्या घरापर्यंत चारेकशे पावलं असतील. तेवढ्यात अकरा दारांतून हाका आल्या. "या की अक्का, कुठल्या पाहुण्या?" "च्या घेऊन जावा!" "बसा, बसा, कामून घाई करलालाव?" सातव्या हाकेला आजी थांबली आणि लीलाला काहीतरी म्हणाली. लीलानं सांगितलं, "ओआहाकात एका शेजारणीच्या दारात त्या चाळीस वर्षं थांबल्या होत्या. इथं न मागता सात घरं झाली म्हणतायत."

हुरड्याचे शेवटचे दिवस होते. शिवराजनं शेतातून कणसं आणून अंगणात शेणीच्या आरावर भाजली. गरम हुरडा, दही, गूळ, आणि लसणाची चटणी. लीलानं डोळे मोठे करून राफाएलला खुणावलं. पण सासुरवाडीच्या पहिल्या पंगतीत ताटातलं टाकायचं नाही, हे त्याला कुणीतरी पुण्यात पढवलं होतं. ही मंडळी चवीपुरतं खातात, एक-दोन घास. त्यानं एक घास चटणीचा घेतला. पाच मिनिटांत वरचा ओठ नाकाला टेकला.

"जावईबापू, पुरे पुरे," शिवराज म्हणाला.

"अत्यंत रुचकर आहे," राफाएल म्हणाला. त्याचं मराठी सगळं पुस्तकातलं आहे. सुजलेल्या तोंडानं ते आणखीच भारदस्त वाटलं. माझी मेव्हणी हसत हसत आत पळाली आणि दही घेऊन आली.

खाणं झाल्यावर माती. महानंदानं परसातल्या कडुलिंबाकडे बोट केलं आणि म्हणाली, "तिथं." एवढंच बोलून ती चहाचं बघायला आत गेली. शिवराजनं टिकाव काढून दिला आणि तोही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आईवडिलांची आठवण आली असेल. मी नियमाप्रमाणे वरचा पालापाचोळा बाजूला केला, खडे वेचले, आणि राफाएलनं खणलं. काळीभोर, चिकण, चांगल्या प्रतीची माती. खताच्या तीन धुतलेल्या पोत्यांत भरली. ताणकाट्यावर मोजून एकावन्न किलो सहाशे.

आजी पुढे येऊन उभी राहिली. आता शब्द द्यायचा होता. महानंदा आतच होती, दोनदा हाक मारली तरी आली नाही. शेवटी मीच म्हणालो, "ही आमच्या मुलीची माती." लीलानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजीनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिचे हात रांजणाच्या पाण्यासारखे गार होते.

अहमदपूर

माझी थोरली बहीण, आमची अक्का, अहमदपूरला असते. ती कुणाला घाबरत नाही. राफाएलला तिनं आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "रंग गोरा हाय, उंची हाय. रक्त पितो म्हणं. आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं माझं पिलं, त्याचं कुणी नाव काढलं न्हाई." भावजी शेजारीच बसले होते. त्यांनी फक्त पान लावलं.

जेवणानंतर सगळे पडवीत बसलो. आजीनं तिच्याकडचा मृतांचा सण सांगितला. वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी झेंडूची फुलं, मक्याच्या भाकरी, मिरचीची आमटी. अक्का म्हणाली, "आमच्या सर्वपित्रीगतच की. फक्त आमच्याकडं पितरं जेवून जातात, तुमच्याकडं पितरंच सैपाक करतात म्हणायचं." लीलानं हे सांगितल्यावर आजी खूप वेळ हसली. हसताना तिचे दोन दात दिसतात. त्याची आम्हाला आता सवय झाली होती.

आपल्या ठेच्यातली मिरची मूळ त्यांच्या मुलखातून आलेली, हेही आजीनं सांगितलं. अक्कानं ते साफ नाकारलं.

मग अक्कानं विचारलं, "तुमच्यात इतकी माणसं मरत न्हाईत, तर घर पुरतं कसं?"

आजीनं आपल्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. नाव मारिया. जन्मली ती आईच्या प्रवासात, कुठल्याशा धर्मशाळेत. पण दाईला वाटलं, मोठ्या घरची मुलगी धर्मशाळेत जन्मली हे बरं दिसत नाही. तिनं नाळ घराच्या बागेत पुरल्याचं सांगितलं. मारियाला तिशीत ताप आला. तिनं ठरवलं, हसत ठरवलं, बहिणीला म्हणाली, तीन रात्रींनी भेटू. बागेची माती अंथरली. आजी तीन रात्री उशाशी बसली. मग आणखी चार बसली. सातव्या दिवशी वास यायला लागला.

लीलाचा आवाज हे सांगताना बारीक झाला. महानंदा उठून आत गेली. तिचा विडा तसाच राहिला.

सकाळी सहाला मी दात घासत होतो. महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन मागं आली.

"लीलाचे अप्पा, ती माती खरी न्हाई."

मी तोंड धुतलं. मग विचारलं, "मग खरी कुठली?"

"किनवट."

लीला झाली तेव्हा मी किनवट तालुक्यात कृषी सहायक होतो. महिनाभराच्या प्रशिक्षणाला परभणीला गेलो होतो. आठवा महिना संपत आला म्हणून शिवराज बहिणीला माहेरी न्यायला आला. किनवटला रेल्वे धरायची होती. स्टेशनाच्या वाटेवरच तिला कळा लागल्या. रस्त्याच्या कडेला एका निवासी शाळेचं वसतिगृह होतं. तिथं स्वयंपाक करणाऱ्या बाईनं तिला आत घेतलं, आणि दोन तासांत लीला झाली. पाच दिवस तिथं राहून ते मुरुडला गेले. सासरे म्हणाले, लेकीचं पहिलं बाळंतपण परक्याच्या चुलीपाशी झालं हे कळलं तर माझं तोंड काळं होईल. जावयालाही सांगायचं नाही. जन्माची नोंदही मुरुडला केली. मी बारशाला थेट मुरुडला पोचलो, आणि त्याच महिन्यात माझी लातूरला बदली झाली. सव्वीस वर्षं ही गोष्ट माझ्या घरात होती आणि मला माहीत नव्हती.

पण त्याचा राग मला नंतर आला. आधी मी विचारलं, "तेव्हा बापाच्या धाकानं गप्प बसलीस. परवा कामून गप्प बसलीस?"

ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली. "आपल्यात माणूस गेलं की मातीत बसवतात. तिथं संपतं. माझे आईबाप संपले, उद्या आपण संपू. आणि ही पोरगी? ही उठंल. दोनशे वर्षं उठून बसंल. आपण नसू, शिवराज नसंल, हिची बोली बोलणारं कुणी नसंल. कुणापाशी रडंल ती? मला वाटलं, माती लागू पडली न्हाई तर बरंच. जगंल सत्तर-ऐंशी वर्षं आणि मरंल चार लोकांसारखी."

मी खोटं सांगत नाही. मलाही ते हवंच होतं. गप्प बसलो असतो तर पोती डिकीत तयार होती, शब्द देऊन झाला होता, आणि कुणालाही कधीही कळलं नसतं.

मी तिच्या शेजारी बसलो. "मरताना तिला वाटत असंल की आपण उठणार हाय. तिचा नवरा तीन रात्री बसंल. तिची लेकरं बसतील. मग आणखी चार रात्री बसतील. तिला उठायचं न्हाई तर न उठू दे, पण ते तिनं ठरवायचं. आपण मापात पाप केलं तर तिनं काय ठरवलं?"

महानंदानं हातातला तांब्या कट्ट्यावर ठेवला. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मीच सांगते तिला. तुम्ही मधी बोलू नका."

मी मधे बोललो नाही. अंगणातून एवढंच ऐकलं, की लीला आधी ओरडली, मग रडली, मग दोघी रडल्या. बाहेर येऊन लीला मला म्हणाली, "अप्पा, तुमच्यासारख्या माणसाला सव्वीस वर्षं फसवलं हिनं. मानलं पाहिजे." तेव्हा मी जरा हसलो.

चार वाजता आजी उठली. तिला सगळं सांगितलं. ती चिडेल, लग्न मोडेल, असं मला वाटलं होतं. तिनं महानंदाच्या गालावर हात ठेवला, आणि मला एकच प्रश्न विचारला: किनवट किती किलोमीटर?

बाई माझ्या पसंतीस उतरली.

नांदेड

नांदेडला मुक्काम पडला, कारण मधे त्यांचा तिसरा दिवस आला. राफाएल स्वतः जातो म्हणत होता, पण सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर कडक ऊन. मी त्रेपन्न वर्षांत कधी मटणाच्या दुकानासमोर उभा राहिलो नव्हतो. कपाळाला विभूती, हातात स्टीलचा डबा.

"अर्धा लिटर रक्ती," मी म्हटलं.

दुकानदारानं माझ्या कपाळाकडे पाहिलं. "पकाने के वास्ते, मामा?"

"न्हाई. कच्चीच."

"कच्ची?" त्यानं सुरी खाली ठेवली. "दवा के लिये क्या?"

"पाहुण्यांसाठी."

त्यानं पुढे विचारलं नाही. डबा भरून दिला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, "हिलाते जाव मामा, नहीं तो जम जाती. और पाहुण्यांना सलाम सांगा." मी लॉजपर्यंत डबा हलवत गेलो. मापाचा पेला घेऊन दोघांना पाव पाव लिटर दिलं. त्याबद्दल एवढंच लिहितो, की ते लोक आपल्यासारखेच जेवणाआधी डोळे मिटून दोन शब्द म्हणतात.

किनवट

लातूरच्या लोकांनी किनवटचा रस्ता फेब्रुवारीत एकदा तरी पाहावा. भोकर मागं पडलं की काळी सपाटी सरते आणि टेकड्या सुरू होतात. सागाची पानं गळालेली, आणि मधे मधे पळस, एक पान नाही, नुसता लाल. मी इथं चार वर्षं नोकरी केली, पण तेव्हा मोटारसायकलवर खतांची परिपत्रकं वाटत फिरायचो. फुलांकडे पाहिल्याचं आठवत नाही. राफाएलनं मागची चादर बाजूला करून पाहिलं आणि हातावर फोड उठवून घेतला.

अंतर जास्त म्हणून आजीनंच नियम मोडून नांदेडहून दोनला निघायला लावलं होतं; साडेपाचला वसतिगृहाशी पोचलो. नवी इमारत झाली आहे, रंगवलेली, नीटनेटकी. मागं जुन्या स्वयंपाकघराचा चौथरा तेवढा उरला आहे. तिथली बाई अजून आहे का, हीच मला धाकधूक. पहारेकऱ्यानं मागच्या वस्तीकडे हात केला. "सोनाबाई ना? हाय की. कान गेले थोडे, तोंड न्हाई गेलं."

सोनाबाई दारात शेंगा सोलत बसली होती. ऐंशीची असेल. महानंदा तिच्यापुढे जाऊन नुसती उभी राहिली.

सोनाबाईनं तिला खालून वर पाहिलं. "पाचव्या दिशी गेलती तू. मागं वळून पायलं न्हाई."

"हाव," महानंदा म्हणाली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आम्ही आत गेलो. आजी उंबऱ्याबाहेर थांबली. सोनाबाईनं विचारलं, "हे गोरी म्हातारी बाहीर कामून उभी हाय?"

"ये म्हटल्याबिगर येत न्हाईत त्या," लीला म्हणाली.

"मंग ये म्हन तिला. माह्या दारात आजलोक कोनी परवानगी मागतली न्हाई. लई मानाची बाई दिसून राह्यली."

लीलानं सोनाबाईला सगळं सांगितलं, काही न लपवता. मी घाबरत होतो. सोनाबाईनं मधे एकदाच विचारलं, "म्हंजे मेल्यावर उठते?" लीला म्हणाली, "मी उठायचं ठरवलं तर." सोनाबाई म्हणाली, "ठरव बापा सावकाश," आणि काठी घेऊन उठली.

जुन्या चौथऱ्यामागं न्हाणीचा दगड अजून होता. नाळ त्याच्याखाली पुरलेली. सोनाबाई म्हणाली, "नाळ हाय तितंच राहू द्या. तिले उघडी नका करू. भवतालची माती काढा." राफाएलनं कडेनं खणायला सुरुवात केली. ही काही मुरुडची जमीन नाही. अर्धी वीत तांबूस माती, खाली मुरूम. दगडाभोवतीची सगळी काढून ताणकाट्याला लावली, तर सतरा किलो नऊशे. आणखी तेहतीस किलो सातशे हवी होती. रुंद खणावं, तर ती माती लीलाची कशावरून? मुरूम तर मुळीच चालणार नव्हता. मी फावडं थांबवलं.

"का झालं?" सोनाबाईनं विचारलं. मी आकडे सांगितले.

ती काठीनं जमिनीवर रेघ ओढत चालायला लागली. दगडापासून उताराकडे, वाकडीतिकडी, शेवग्याच्या झाडापर्यंत. "पाच दिस हिचं आन् लेकराचं न्हानं या दगडावर मीच घातलं. ते पानी असं वाहून जाऊन इतं मुरायचं. जितवर पानी गेलं तितवर पोरीची. त्याच्या भाईर परकी."

लीलानं हे आजीला सांगितलं. आजी जमिनीवर बसली, त्या रेघेवर हात फिरवला आणि मान हलवली. म्हणजे कबूल.

रेघ मोजली, साडेनऊ फूट. चार बोटं रुंद, अर्धी वीत खोल, तशी नऊ फुटांच्या आसपास खणून झाली तेव्हा काटा एकावन्न किलो दोनशेवर आला. दिवेलागण होत आली होती. उरलेली चारशे ग्रॅम महानंदानं फावडं न घेता हातांनी काढली. सहा मुठी. सहावीतली चिमूटभर परत टाकावी लागली. मग तिनं नांदेडहून आणलेल्या नव्या पोत्यांची तोंडं स्वतः शिवली आणि आजीसमोर उभी राहिली.

"ही माझ्या लेकीची माती," ती म्हणाली. मग लीलाकडे वळली. "तुझी हाय. वापर, न्हाईतर तुळशीला घाल. मी इचारणार न्हाई."

लीलानं हे शेवटचं भाषांतर केलं नाही. राफाएलला ते समजलं होतं.

तिथं मुलं खेळतात, चर उघडा ठेवणं बरं नव्हतं. डिकीतली मुरुडची तिन्ही पोती त्यात रिकामी केली आणि पायानं दाबून सारखी केली.

मग मी खिशात हात घातला. सोनाबाई म्हणाली, "पैसा ठिव साहेब." तिनं लीलाला खाली बसवलं. "पोरीचं नाव का ठिवलं, ते तर कळू द्या. हिचा भाऊ म्हनला व्हता, बारशाले गाडी पाठवतो. मी चांगलं लुगडं धुऊन ठिवलं. पंधरा दिस ठिवलं."

मग लीलानं तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "शिवलीला." सोनाबाईनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

महानंदानं मला बाजूला घेतलं आणि बाजार बंद व्हायच्या आत काय काय आणायचं ते सांगितलं. मी पंचवीस मिनिटांत परत आलो. पाट नव्हता, घोंगडी अंथरली. सोनाबाई मागं सरकली. "आता ओटी नको भरू बापा. म्हातारा जाऊन धा वर्सं झाले."

"बाईची न्हाई, सुईणीची ओटी हाय," महानंदा म्हणाली. "धरा पदर."

तिनं पदर धरला. दिलं ते असं: हिरवं इरकली लुगडं एक, खण एक, नारळ एक, खारका पाच, गहू पाच ओंजळी. देणारी महानंदा. घेणारी सोनाबाई, लीलाची सुईण.